एकदा विकलेला माल

मराठीत सर्वांत जास्त छापलं गेलेलं आणि सर्वांत कमी वाचलं गेलेलं वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं, तर मी संतवाङ्मयाकडे किंवा नाटकांकडे वळणार नाही. मी सरळ खिशातून कापडदुकानाची पावती काढीन आणि तिच्या तळाशी बोट ठेवीन. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

या वाक्याचं व्याकरण मोठं मासलेवाईक आहे. शाळेत मास्तरांनी कर्मणी प्रयोग शिकवला तेव्हा रामाकडून रावण मारला जात होता. म्हणजे रावण मेला तरी मारणारा कोण, याचा पत्ता लागत होता. इथं माल परत घेतला जाणार नाही, हे ठीक, पण कुणाकडून? कर्ता गायब! गल्ल्यावर बसलेले मालक हे वाक्य स्वतःच्या तोंडानं कधीच बोलत नाहीत. ते नुसतं पावतीकडे बोट दाखवतात. “काय करणार वहिनी, लिहिलेलंच आहे ना!” चेहरा असा की, हे वाक्य आकाशातून पडलं आणि त्याच्यापुढे तेही आपल्याइतकेच लाचार आहेत. लिहिलं कुणी? तर छापखान्यानं. छापखानेवाल्याला विचारावं तर तो म्हणणार, “ते पहिल्यापासून असतंच. काढायचं असेल तर सांगा, जुळणीचे पैसे जादा पडतील.”

पण माझा आजचा प्रश्न व्याकरणाचा नाही, नीतीचा आहे. एक दुकानदार माल हसत परत घेतो, दुसरा कपाळाला आठ्या घालून घेतो, आणि तिसरा आपण रडलो तरी घेत नाही. मग पहिला सज्जन, दुसरा मध्यम आणि तिसरा दुर्जन, असं समजायचं का? की या तिघांचे स्वभाव सारखेच, फक्त माल वेगवेगळा?

आमच्या तेरसारख्या गावात बाजारातून एक चक्कर मारली तरी या बाबतीत किती पंथ आहेत ते कळतं. नारळवाला सर्वांत उदार पंथाचा. “नासका निघाला तर परत आणा,” असं तो आपण न विचारताच सांगतो. अर्थात त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नारळ देवापुढे फुटतो, आणि देवापुढून उठून हातात दोन नासक्या कवड्या घेऊन बाजारात भांडायला येणारा भाविक विरळा. त्यातून कुणी आलाच, तर “नारळ नासका निघणं शुभ असतं, वहिनी,” हे शास्त्र तो आधी ऐकवतो आणि मग दुसरा नारळ देतो. कलिंगडवाला त्रिकोणी फोड कापून लालभडक पुरावा आधीच सादर करतो. त्या फोडीपलीकडचं कलिंगड पांढरं निघालं, तर ती जबाबदारी कलिंगडाची. माठ विकणारी मावशी तर माठच आपल्या हातात देते. “वाजवून घ्या,” म्हणते. आपण जाणकाराचा चेहरा करून बोटाच्या पेरानं टकटक करायची, खणखणीत आवाज आला की पैसे द्यायचे. सौदा तिथं संपला. घरी गेल्यावर माठ पाझरतो अशी तक्रार करायची सोय नाही, कारण पाझरला नाही तर पाणी गार होत नाही. ज्या मालाचा दोष हाच त्याचा गुण आहे, तो विकणं हा सर्वांत सुखाचा धंदा!

साडीला फॉल-पिको होईपर्यंत ती दुकानदाराची असते, नंतर आपली. चप्पल ‘रस्त्यावर घातली नसेल तर’ परत घेतात. म्हणजे ती चावते की नाही हे आपण पलंगावर चालून ठरवायचं. केशकर्तनालयात तर वेदान्तच आहे. तिथं आरशात पाहून “मागं जरा जास्तच कमी केले,” असं म्हणता येतं, पण उपाय म्हणून आणखी कमी करण्यापलीकडे त्या गृहस्थाच्या हातात काही नसतं.

आणि या सर्वांच्या वर सराफ. आजीच्या लग्नातली पाटली नातीच्या लग्नात घेऊन जा, पावती नसली तरी चालेल, सराफ ती दोन्ही हातांनी परत घेतो. चहाही सांगतो. पाच हजारांची साडी पाच दिवसांत परत घ्यायला कुरकुरणारं जग लाखाची पाटली पन्नास वर्षांनी परत घेतं, ही माणुसकी म्हणायची का? थोडं थांबा. पाटली तराजूत पडते, त्यातली घट वजा होते, विकताना घेतलेली मजुरी विसरली जाते, आणि ‘मोड’ म्हणून त्यात नव्याची खरेदी होते, तिची मजुरी पुन्हा वेगळी. सोनं नासत नाही, मळत नाही, त्याची फॅशन गेली तरी भाव जात नाही. परत घेण्यात सराफाचं काहीच जात नसतं, उलट चार पैसे येतात. तेव्हा सराफाच्या औदार्याला हात जोडायचे असतील तर ते सोन्याला जोडावेत.

इथं आपल्या कोड्याचा पहिला धागा हाती लागतो. परत आलेला माल पुन्हा विकता येतो का, यावर दुकानदाराचा स्वभाव ठरतो. भांडं परत आलं तर पुसून फळीवर ठेवता येतं, औषधाची बाटली ठेवता येत नाही. दुसरा धागा असा की, परत घेतल्याची तोशीस कुणाला? वर्तमानपत्र विकणारा न खपलेले अंक परत पाठवू शकला, तर तो अंकांचा गठ्ठा सढळ हातानं मागवतो. ज्याचा घाऊक व्यापारी माल परत घेत नाही, तो किरकोळ दुकानदार आपल्याकडून कुठून घेणार? आपल्याला दिसतो तो कपाळावर आठ्या घातलेला माणूस; पण त्या आठ्यांचं मूळ सोलापूरच्या किंवा सुरतेच्या कुठल्यातरी पेढीवर असतं. तिसरा धागा नफ्याचा. रुपयामागं चाळीस पैसे सुटत असतील तर माणूस दिलदार होतो. दोन पैसे सुटत असतील तर साखरेच्या पुडीचा दोराही मोजतो. आणि चौथा धागा ओळखीचा.

ओळखीवरून एक जुना शब्द आठवला: जांगड. नव्या पिढीला तो ठाऊक नसेल. माल पसंतीसाठी घरी न्यायचा, आवडला तर पैसे द्यायचे, नाही तर परत, याला जांगड म्हणत. तिची नोंद वेगळी असे. आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही या व्यवहाराला कलम आहे: ठरलेल्या मुदतीत, ती ठरली नसेल तर वाजवी मुदतीत, नापसंती कळवली नाही, तर विक्री झाली असं धरायचं. वाचायला हे फार प्रेमळ वाटतं. पण जांगड मिळायची कुणाला? डॉक्टरांच्या घरी सहा साड्यांचा गठ्ठा नोकराच्या डोक्यावरून जायचा आणि पाच साड्या परत यायच्या. शेतात खुरपायला जाणारी बाई दिवाळीला एकच लुगडं घ्यायला आली, तर तिला ते लांबून दाखवायचे. “हात लावू नका बाई, मळतं.” म्हणजे दुकानादुकानांत तर फरक असायचाच, पण एकाच दुकानात, एकाच गल्ल्यावर, दोन कायदे असायचे. दुकानदार जांगड देताना गिऱ्हाइकाच्या घराची पत तोलायचा. ज्याला साडी नापसंत पडली तरी परवडणार होतं त्याला परत करायची मुभा, आणि जिच्या वर्षाच्या कमाईतलं ते एक लुगडं, तिला नाही. हा मुद्दा बाजूला ठेवा. पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, माल परत घेणं ही साहेबाची कल्पना, आपल्याकडे कुठं होती? साहेबाकडे ती होती खरी. अठराव्या शतकात इंग्लंडात जोसाया वेजवूड म्हणून एक नामांकित कुंभार होऊन गेला. १७३० चा जन्म, १७९५ ला वारला. त्यानं राण्यांना कपबश्या विकल्या आणि माल पसंत नसेल तर पैसे परत, असं आश्वासन देण्याची चाल पाडली. पुढं पॅरिसला आरिस्टिड बुसिको नावाच्या गृहस्थांनी १८५२ साली ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागी घेतली आणि ठरावीक भाव आणि माल परत, अशा दोन्ही गोष्टी एका छपराखाली आणल्या. घासाघीस गेली आणि परतीची सोय आली! आपल्याकडे घासाघीस आहे म्हणून परतीची सोय नाही, असं एक प्रमेय यातून मांडता येईल. घासाघीस करून पाचशेची वस्तू तीनशेला आणल्यावर गिऱ्हाईक स्वतःच विजयी मुद्रेनं घरी जातं. जिंकलेला किल्ला परत करायला कोण जातो?

पण कल्पना साहेबाची नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हा विषय आहे, आणि त्याला मोठं भारदस्त नाव आहे: क्रयविक्रयानुशय. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेऊन किंवा विकून ज्याला पश्चात्ताप झाला, त्यानं दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी किंवा परत घ्यावी; दहा दिवस उलटल्यावर मात्र बोलू नये, बोललं तर दंड. नारदस्मृती अधिक हिशेबी आहे. त्याच दिवशी वस्तू जशीच्या तशी परत केली तर प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी आणलीत तर किमतीचा तिसावा हिस्सा कापायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. नंतर वस्तू तुमची. हे वाचताना मला आमच्या हेडऑफिसचं परिपत्रक वाचल्याचा भास झाला.

याज्ञवल्क्यानं तर आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तरच देऊन ठेवलं आहे. सर्व मालाला एकच मुदत त्याला मान्य नाही. लोखंडाची परीक्षा एका दिवसात, दुभत्या जनावराची तीन दिवसांत, ओझ्याच्या जनावराची पाच दिवसांत, रत्नाची सात दिवसांत, बियाण्याची दहा दिवसांत. तर्क सरळ आहे. ज्या मालाचा दोष उघडा पडायला जितका वेळ लागतो, तितकी मुदत. म्हैस तीन दिवसांत तिचं खरं दूध सांगते. बैल पाच दिवसांत दोन वेळा तरी खाली बसून दाखवतो. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानं जिथं लिहिली ते चालुक्यांचं कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण. आमच्या जिल्ह्यातल्या उमरग्याच्या पलीकडे, राज्याची हद्द ओलांडली की आलंच. त्याच यादीत पुढं दासी आणि दास यांच्याही मुदती दिल्या आहेत, एक महिना आणि पंधरा दिवस. तिथं वाचणाऱ्याचं हसू थांबतं. शास्त्रानं गिऱ्हाइकाला पश्चात्तापाची सवलत दिली होती. जो विकला जात होता त्याला पश्चात्ताप कुणाकडे नोंदवायचा, याची मुदत कुठंच लिहिलेली नाही.

तेरचा आणि व्यापाराचा संबंध तर जुनाच आहे. हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याच्या प्रवासपुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, त्याचं नाव येतं. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तगर पूर्वेला दहा दिवसांच्या. इथलं साधं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून आडरानातून भडोचला जायची आणि तिथून समुद्रापार. आता कल्पना करा, समुद्रापारच्या कुणा बाईनं धुतल्यावर मलमल आटली. परत करायची तर आधी वाऱ्यांची दिशा बदलायची वाट पाहायची, मग जहाज, मग भडोच, मग तीस दिवस बैलगाडी. इथं पोचेपर्यंत दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर बसलेला असायचा आणि त्यानं शांतपणे म्हटलं असतं, “ते आमच्या वडिलांच्या वेळचं, बाई.”

आणि गंमत पाहा, आजच्या कायद्याचीही मुदत तीसच दिवसांची आहे. ग्राहकांच्या चळवळीला आपल्याकडे जोर आला तो १९७० नंतरच्या दशकात. पुण्याला बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ ची, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. दिल्लीला ग्राहक संरक्षण कायदा झाला तो २४ डिसेंबर १९८६ ला. म्हणून त्या दिवशी आपण राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा करतो. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २०२० च्या जुलैत लागू झाला. तो म्हणतो की, सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत आणि तशी मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणं हीदेखील तशीच प्रथा. म्हणजे सदोष मालाच्या बाबतीत पावतीच्या तळाचं ते कर्तारहित वाक्य दुकानदाराच्या फार कामाचं उरलेलं नाही. तरी ते छापलं जातंच. कारण वाक्य कायद्यासाठी नसतंच मुळी, ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यासाठी असतं.

मात्र एक फरक लक्षात घ्या. आजचा कायदा दोष मानतो, पश्चात्ताप मानत नाही. साडीला भोक असेल तर कायदा तुमच्या मागे उभा आहे. घरी आल्यावर “हा रंग मला शोभत नाही,” असं सौ.ला वाटलं, तर कायदा पेपर वाचत बसतो. मनूला जे मनाचं दुबळेपण मान्य होतं, ते आपण दुकानदाराच्या मर्जीवर सोडलं आहे.

मर्जीचा प्रश्न निघाला की लोक माझ्याकडे वळून पाहतात, कारण मी बँकेतला कारकून. “तुमच्या बँकेत तर पैसे काउंटरवरच मोजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही, अशी पाटी!” बरोबर आहे. नोटा सगळ्या सारख्या दिसतात. खिडकी सोडून गेलेली नोट कुणाची, हे ओळखण्याचं शास्त्र अजून निघालेलं नाही. पण आमचा माल परत घेण्याचा उदारपणा तुम्ही पाहिलेला नाही. नोट फाटली, उंदरानं कुरतडली, धोतरासकट धुतली, तरी रिझर्व्ह बँकेचे नियम तिची किंमत देतात. पन्नास रुपयांच्या आणि त्यावरच्या नव्या नोटेचा तुकडा शेकडा ऐंशीहून मोठा असेल तर पुरते पैसे, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असेल तर निम्मे. शर्टाची एक बाही नेऊन अर्धे पैसे मागा बरं कुठल्या दुकानात! आणि ८ नोव्हेंबर २०१६ ला तर सरकारनं पाचशे-हजारच्या नोटा स्वतःच परत मागवल्या. आमच्या खिडकीपुढे रांगा लागल्या. पुढं रिझर्व्ह बँकेनं हिशेब दिला, तेव्हा ९९.३ टक्के माल परत आला होता. एवढी परती कुणा दुकानदाराला झाली असती तर तो हिमालयात गेला असता.

दुकानदाराचीही एक बाजू आहे, ती न सांगणं पक्षपात होईल. लग्नात साडी नेसून, किंमतीची चिठ्ठी काखेत दडवून, तिसऱ्या दिवशी “जरा जड वाटते हो,” म्हणत परत आणणारी माणसं मी ऐकून आहे. अक्षतेचा दाणा घडीतून खाली पडतो आणि दुकानदार तो पाहूनही पाहत नाही. त्या साडीची धुलाई, इस्त्री आणि उतरलेला भाव शेवटी तुमच्या-माझ्या साडीच्या किमतीत बसतो. उदार दुकानात कधीच काही परत न करणारं गिऱ्हाईक वारंवार परत करणाऱ्यासाठी वर्गणी भरत असतं. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. मालाचं खरं काय ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे घेणारा सगळ्यालाच वाईट समजून भाव पाडतो आणि चांगला माल बाजारातून उठतो. ‘परत घेईन’ हे वचन म्हणजे त्यावरचा एक उतारा. ज्याचा माल वाईट, त्याला ते वचन परवडणार नाही. या विषयातल्या कामासाठी पुढं २००१ साली त्याला नोबेल मिळालं. आमच्या माठवाल्या मावशीला अजून काहीच मिळालेलं नाही.

आता तर आडगावालाही मोटरसायकलवरून पोरगा येतो, आपण फोनवरून मागवलेला सदरा देतो आणि चार दिवसांनी येऊन तोच घेऊन जातो. तो आपल्याला ओळखत नाही, त्याची कंपनी आपल्याला ओळखत नाही. ज्याच्या बापाला आपला बाप ओळखत होता तो दुकानदार मात्र घेत नाही. याचा अर्थ कंपनी प्रेमळ, असा नाही. तिनं परतीचा खर्च लाखो सदऱ्यांवर आधीच वाटून टाकलेला असतो; दुकानदाराला तो संध्याकाळी स्वतःच्या ताटात दिसतो. दुसरं असं की, कंपनीला सदरा परत करणं म्हणजे चार कारणांपैकी एकावर बोट ठेवणं. गावातल्या दुकानात ‘तुझा माल वाईट’ याचा अर्थ ‘तू वाईट’ असाच होतो, आणि उद्या त्याच्याच शेजारी पंगतीत बसायचं असतं. पण एक श्रेय कंपनीला दिलंच पाहिजे. तिनं जांगडीला आडनाव विचारलं नाही. खुरपायला जाणारीची सूनही आता तीन रंग मागवते आणि दोन परत करते. ते पाहून मला बरं वाटतं, हे मी दुकानदार मित्रांची माफी मागून सांगतो.

इतकं सगळं झाल्यावर मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं, असं वाटून मी लेखणी खाली ठेवणार होतो. पण एक मालाचा प्रकार राहिला, आणि तो राहिला तर बाकीचं सगळं फुकट आहे. बियाणं.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला. औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. बियाणं हा विलक्षण माल आहे. त्याची परीक्षा पेरल्याशिवाय होत नाही, आणि पेरल्यावर ते परत करता येत नाही. कंपनीचा वकील विचारतो, नमुना कुठं आहे? शेतकरी म्हणतो, जमिनीत. हा सवाल सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात कोर्टानं सांगितलं की, शेतकरी हाही ग्राहकच आहे, आणि पुढं तपासणी करावी लागेल म्हणून त्यानं मूठभर बी राखून ठेवावं, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. निकाल न्यायाचा झाला. पण समजा, पिशवीचे पैसे परत मिळाले, अगदी नुकसानभरपाईही मिळाली. ती मिळेपर्यंत मृग गेलेला असतो. पहिल्या पावसानंतर जमिनीला जो वापसा येतो, कोरडही नाही आणि चिखलही नाही अशी ती चार दिवसांची वेळ, ती कोणती कंपनी बदलून देणार? वापसा गेला की वापसी नाही. आमच्या खिडकीवर पीककर्जाचं व्याज तेवढं न चुकता उगवतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की, आपण ज्याला दुकानदारांचा उदारपणा म्हणतो त्याचा एक विचित्र नियम आहे. जी वस्तू चुकली तरी फारसं बिघडत नाही, ती परत करणं सर्वांत सोपं. सदरा, चप्पल, चहाचे कप. आणि जी चुकली तर वर्ष जातं, प्रकृती जाते, आयुष्य जातं, ती परत करणं सर्वांत अवघड. बियाणं, औषध, मुलाची शाळा. पुन्हा जांगडीचीच गोष्ट. ज्याला परवडतं त्यालाच पश्चात्तापाची मुभा.

मग करायचं काय? साहेबाच्या जुन्या कायद्याचं तत्त्व असं की, घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. माठाच्या बाबतीत ते ठीक आहे, टकटक आपण करू शकतो. सोयाबीनच्या दाण्यावर टकटक करून काय कळणार? इथं मला तेरचाच एक जाणकार आठवतो. तेरणेच्या काठी ज्यांचं देऊळ आहे ते गोरोबाकाका, जातीनं आणि धंद्यानं कुंभार. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी त्यांना विचारलं, यातली कच्ची मडकी कोणती? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. नामदेव तेवढे कुरकुरले, आणि कच्चे ठरले. ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. मला तिच्यात धंद्याची नीतीही दिसते. थापटणं गिऱ्हाइकाच्या हातात नव्हतं, कुंभाराच्या हातात होतं. ज्याला मडक्याचं कळतं त्यानंच ते बाजारात जाण्याआधी ठोकून पाहायचं. आणि कच्चं निघालं म्हणून नामदेवांना कुणी उकिरड्यावर टाकलं नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. परत घेणं याहून चांगलं काय असतं?

जो माल परत घेता येत नाही, तो विकणाऱ्यानं आधी ठोकावा. एवढं झालं तर पावतीच्या तळाशी हवं ते वाक्य छापा, माझी हरकत नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी मांडून ठेवली आहेत. काहींचे कान गेले आहेत, काहींचे काठ. ती परत मागायला कुणी गिऱ्हाईक आलं नाही आणि पैसे परत मागायलाही आलं नाही. कुंभारानं ठोकून दिली असणार.